वाचनाची नोंदवही: सुरू कशी करायची, आणि पुढे तिचं करायचं काय

वर्षभरापूर्वी वाचलेल्या कादंबरीबद्दल कोणी विचारलं की मुखपृष्ठाचा रंग आठवतो, पुस्तक जाडजूड होतं की बारकं हेही आठवतं. आवडलं होतं, हे तर नक्कीच आठवतं. का आवडलं, ते मात्र सांगता येत नाही. मग "वाच, मस्त आहे" म्हणून आपण विषय संपवतो. नोंदवही ठेवायची ती या 'का'साठी. किती पुस्तकं झाली हे तिच्यातून आपोआप कळतं, पण तो तिचा सगळ्यात किरकोळ उपयोग. नवख्या वाचकांच्या बहुतेक वह्या नेमक्या तेवढ्यावरच अडकतात: नाव, लेखक, तारीख, पाच तारे, पुढचं पुस्तक. तीन-चार महिन्यांत कंटाळा येतो, कारण परत उघडून वाचावं असं त्या वहीत काहीच नसतं.

ज्यांनी कधीच नोंद ठेवली नाही, किंवा हौसेनं सुरू करून सोडून दिली, त्यांच्यासाठी हा क्रम आहे. सगळ्या पायऱ्या एकदम चढायची गरज नाही. पहिल्या तीन जमल्या तरी पुष्कळ झालं.

पायरी १ : कुठे लिहायचं ते पाच मिनिटांत ठरवा

यावर लोक आठवडे घालवतात. खरं तर तीनच पर्याय आहेत: कागदी वही, गूगल शीटसारखा तक्ता, नाहीतर ॲप.

वहीत लिहिणं निवांत होतं आणि लिहिताना मध्येच दुसरं काही डोकावत नाही, पण शोधाशोध अवघड. तक्त्यात हवं ते क्षणात सापडतं, मात्र त्या चिमुकल्या चौकोनात कोणी मनापासून चार ओळी लिहीत नाही. ॲपमध्ये पुस्तकाचं नाव टाकलं की मुखपृष्ठासकट माहिती येते. लायब्ररीथिंग २००५ पासून आहे, गुडरीड्स २००७ पासून, आणि त्यामानानं अलीकडचं द स्टोरीग्राफ. बारकोड दाखवला की पुस्तक यादीत येतं, ही सोय भारीच. पण त्या बारकोडमध्ये असतो तो आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आणि त्याची पद्धत आंतरराष्ट्रीय मानक झाली ती १९७० मध्ये. त्याआधीच्या आवृत्त्यांवर तो सहसा नसतो, आणि इंग्रजीखेरीज इतर भाषांतली कितीतरी पुस्तकं ॲपच्या यादीत सापडत नाहीत. तेव्हा हातानं भरायची तयारी ठेवा.

ॲप घेतलंत तर दोन कामं पहिल्याच दिवशी उरका. आपलं खातं कोणाकोणाला दिसतं ते सेटिंगमध्ये तपासा, आणि यादी बाहेर काढायची सोय कुठे आहे ते शोधून ठेवा. गुडरीड्स आणि स्टोरीग्राफ दोन्हीकडून सगळी यादी सीएसव्ही फाइल (कुठल्याही तक्त्यात उघडणारी साधी फाइल) म्हणून उतरवता येते. अधूनमधून ती उतरवत जा. अशा सेवांचे मालक बदलतात (गुडरीड्स २०१३ मध्ये ॲमेझॉनकडे गेलं), नियम बदलतात, आणि दहा वर्षांची नोंद दुसऱ्याच्या घरात ठेवलेली बरी नव्हे.

माझं मत विचाराल तर यादी तक्त्यात किंवा ॲपमध्ये ठेवावी आणि विचार वहीत लिहावेत. वही साधीच असू द्या. चामडी बांधणीच्या सुंदर डायऱ्या कोऱ्या राहतात, कारण त्यांच्या पहिल्या पानावर खाडाखोड करायला हात धजत नाही.

पायरी २ : मोजकेच रकाने आखा

पुस्तकाचं नाव, लेखक, अनुवाद असेल तर अनुवादक, सुरू केल्याची तारीख, संपल्याची किंवा सोडल्याची तारीख. इतकं सगळेच लिहितात. अनुवादकाचं नाव मात्र गाळू नका. दोन-तीन वर्षांनी यादी चाळताना एखाद्या अनुवादकाची तीन पुस्तकं आपल्याला आवडलेली दिसतात, आणि पुढचं पुस्तक निवडायला एक नवा धागा हाती लागतो.

यात एक रकाना जास्तीचा घाला: हे पुस्तक माझ्यापर्यंत कसं आलं? मैत्रिणीनं सांगितलं, परीक्षण वाचलं, दुसऱ्या पुस्तकात उल्लेख होता, ग्रंथालयात समोरच दिसलं, कुठल्या तरी यादीत होतं, सगळे वाचत होते म्हणून घेतलं. जे खरं असेल ते लिहा. हा रकाना पुस्तक हातात घेतानाच भरायचा. संपेपर्यंत थांबलात तर आठवणार नाही, किंवा आठवल्यासारखं वाटेल आणि ते चुकीचं असेल. आज त्याचा काही उपयोग दिसणार नाही, पण वर्षअखेरीला सगळ्यात जास्त बोलतो तो हाच.

प्रकार, विषय, पानं, प्रकाशनवर्ष, लेखकाचा देश असे रकाने आकर्षक दिसतात. त्यातल्या एखाद्याचं खरंच कुतूहल असेल तर जरूर घाला. पण जो रकाना तीनदा रिकामा राहिला तो सरळ काढून टाका.

ऐकलेलं पुस्तक वाचलेलं धरायचं का, असा प्रश्न हमखास येतो. धरा, आणि पुढे 'ऐकलं' असं लिहा. त्यावर वाद घालण्याइतकं त्यात काही नाही.

पायरी ३ : पुस्तक मिटल्यावर चार ओळी

बाकी सगळं जमलं नाही तरी हे जमवा. सोळाव्या शतकातला फ्रेंच निबंधकार माँतेन्य याची स्मरणशक्ती म्हणे फारच कच्ची होती. निदान त्याची तरी तशी तक्रार होती. आधी वाचून खुणा केलेलीच पुस्तकं तो पुन्हा नवी समजून हातात घ्यायचा. त्यावर त्यानं उपाय काढला: पुस्तक संपलं की त्याच्याच शेवटी तारीख घालायची आणि वाचताना लेखकाबद्दल एकंदर काय मत झालं ते थोडक्यात लिहून ठेवायचं. चारशेहून जास्त वर्षं झाली, यापेक्षा चांगली युक्ती अजून कोणाला सुचल्याचं मला तरी ठाऊक नाही.

आता या चार ओळी कशा असाव्यात? एका कल्पित कादंबरीवरच्या या दोन नोंदी बघा. पहिली:

*"सुंदर कादंबरी. ओघवती भाषा, जिवंत पात्रं. शेवट चटका लावणारा. प्रत्येकानं वाचावी अशी."*

दुसरी:

*"पहिली साठ पानं रेटून वाचली. थोरली बहीण घर सोडते तिथून पकड आली. बापाचा राग मला समजला, पण लेखिकेला त्याला माफ करायची फार घाई झालीय, शेवटची दोन प्रकरणं त्यातच गेली. पत्रांचं प्रकरण (पान १४२ पासून) परत वाचायचं. धाकट्या भावाचं पुढे काय झालं? ताईला द्यावी का, विचार करतेय."*

पहिली नोंद कुठल्याही कादंबरीला चिकटवता येईल. मलपृष्ठावरचा मजकूर तो, वाचकाचा नव्हे. दुसरीत वाक्यं ओबडधोबड आहेत, पण वाचणारी बाई दिसते. कुठे कंटाळली, कुठे लेखिकेशी भांडली, काय अर्धवट राहिलं, सगळं आहे. पाच वर्षांनी ही नोंद उघडली तर कादंबरी तर आठवेलच, पण तेव्हाची आपणही आठवू.

काही सुचत नसेल तर यातल्या एखाद्या प्रश्नापासून सुरुवात करा:

- कुठे अडकलो, किंवा कुठे पानं उडवली?
- कुठल्या वाक्याशी, निर्णयाशी, पात्राशी भांडण झालं?
- मिटल्यावरही डोक्यात घोळत राहिलेलं एक दृश्य किंवा एक मुद्दा कोणता?
- हे कोणाला देईन, आणि कोणाला मुळीच देणार नाही?

शेवटचा प्रश्न विशेष कामाचा. "आवडलं का?" याला आपण भिडेखातर हो म्हणतो, लेखक मोठा असेल तर हमखास. "कोणाला देशील?" म्हटल्यावर खरं बाहेर येतं.

कथासार लिहू नका. ते दुसरीकडे कुठेही मिळतं. माहितीपर पुस्तक असेल तर मात्र त्याचा मुख्य दावा एका वाक्यात, आपल्या शब्दांत मांडून बघा, आणि तो पटला की नाही ते पुढच्या वाक्यात. दावा एका वाक्यात बसेना, तर एकतर पुस्तक विस्कळीत आहे किंवा आपल्याला अजून नीट कळलेलं नाही. दोन्ही गोष्टी नोंदवण्यासारख्याच.

हे लिहिताना पुस्तक मिटलेलंच ठेवा. आधी आठवून लिहा, नावं-पानं नंतर उघडून तपासा. यामागे भक्कम कारण आहे. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा चित्र उलटलं. आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात कितीतरी जास्त राहिलं होतं. म्हणजे आठवताना होणारी ती ओढाताणच कामाची असते. पुस्तक समोर उघडं ठेवून सुबक टिपण काढलं की वही छान दिसते, डोक्यात मात्र फारसं उरत नाही.

वेळेचं म्हणाल तर संपल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी लिहा. नवं पुस्तक उघडायच्या आधी जुन्याची नोंद, एवढा एकच नियम पाळला तरी चालेल.

पायरी ४ : वाचताना खुणा, पण हात राखून

पिवळ्या मार्करनं निम्मं पान रंगवणारे खूप. तो रंग नंतर काहीच सांगत नाही, कारण तिथे आपण का थांबलो हे त्यात नसतं. त्यापेक्षा पुस्तकात एक कोरी चिठ्ठी ठेवा. तीच खूण म्हणूनही वापरा आणि तिच्यावरच पान क्रमांक आणि दोन-तीन शब्द लिहीत जा: "८७ – विहिरीचा प्रसंग", "११३ – हे खरं वाटत नाही", "१६० – वर ३० वर उलट म्हटलंय". पुस्तक संपलं की हीच चिठ्ठी समोर ठेवून चार ओळी तपासायच्या, मग ती वहीत चिकटवून टाकायची. ग्रंथालयाचं किंवा मागून आणलेलं पुस्तकही अशानं स्वच्छ राहतं.

चार्ल्स डार्विनची रीत जवळपास हीच होती. स्वतःच्या मालकीच्या पुस्तकाच्या शेवटी तो आपल्या कामाच्या गोष्टींची सूची करायचा, आणि पुस्तक दुसऱ्याचं असेल तर वेगळं टिपण काढायचा. शिवाय १८३८ ते १८६० या काळात त्यानं वाचलेल्या आणि वाचायच्या पुस्तकांच्या याद्या वह्यांमध्ये ठेवल्या होत्या. 'वाचायची'ची यादी तुम्हीही ठेवा, पण निराळ्या पानावर. आणि तिथेही नावापुढे कोणी, का सुचवलं ते लिहा. नुसत्या नावांची यादी सहा महिन्यांत परकी होऊन जाते.

ई-पुस्तकात अक्षरं मोठी केली की पानं बदलतात, म्हणून पान क्रमांकाऐवजी प्रकरण किंवा टक्केवारी लिहा. किंडलच्या वाचनयंत्रात केलेल्या खुणा 'माय क्लिपिंग्ज' नावाच्या साध्या मजकूर-फाइलमध्ये साठतात, आणि यंत्र संगणकाला जोडलं की ती फाइल उघडता येते. ती मिळाली म्हणून सगळीच्या सगळी वहीत उतरवत बसू नका. तीन वाक्यं निवडा. निवडताना जो विचार होतो तो मोलाचा.

पायरी ५ : सोडलेलं पुस्तकही लिहा

बहुतेक जण फक्त संपवलेली पुस्तकं नोंदवतात, त्यामुळे वही उगाच गोड दिसते. अर्धवट सोडलेल्या पुस्तकापुढे पान आणि कारण लिहा: "९० वर सोडलं, कोण कोणाचा भाऊ हेच कळेना", "विषय हवा होता, उपदेश नको होता", "पुस्तक चांगलंय, माझीच वेळ चुकली". तिसऱ्या प्रकारातली वेगळी खूण करून ठेवा, ती परत उघडायची असतात. पहिल्या दोनबद्दल अपराधी वाटून घ्यायचं काही कारण नाही. पुस्तक पूर्ण करण्याची शपथ कोणी घातलेली नसते.

पुन्हा वाचलेल्या पुस्तकाची नोंद नव्यानं करा. आणि ती लिहून होईपर्यंत जुनी उघडू नका. मग दोन्ही शेजारी ठेवून वाचा. यासारखी करमणूक नाही.

तारे आणि आकडे

तारे द्यायचे तर द्या, पण महिन्याभरानं. पुस्तक मिटल्या मिटल्या दिलेले तारे बहुतेकदा शेवटच्या प्रकरणाला दिलेले असतात. गुडरीड्सवर अर्धा तारा देता येत नाही, स्टोरीग्राफवर पाव ताऱ्यापर्यंत सोय आहे. मला ही बारीक मापं निरर्थक वाटतात. सव्वातीन आणि साडेतीन यांत काय फरक होता, हे देणाऱ्यालाही पुढच्या वर्षी सांगता येणार नाही.

वार्षिक उद्दिष्टाचं प्रकरण जरा जपून हाताळावं. 'वर्षात पन्नास पुस्तकं' असं ठरवलं की काय होतं ते बघा: ऑक्टोबरनंतर हात आपोआप बारक्या पुस्तकांकडे जातो, आठशे पानांचा ग्रंथ मागे पडतो, आणि न आवडलेलं पुस्तकही 'एक वाढेल' म्हणून रेटलं जातं. एखादं माप हेच उद्दिष्ट झालं की ते माप म्हणून निकामी होतं, हा नियम ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावानं ओळखला जातो. त्यांनी तो १९७५ मध्ये मांडला तो चलनधोरणाच्या संदर्भात. वाचनालाही तो तंतोतंत लागू पडतो. सलग दिवसांची साखळी मोजणाऱ्या ॲपचंही तेच. साखळी तुटू नये म्हणून रात्री पेंगत उलटलेली दोन पानं कसली वाचायची?

तरीही आकडा हवाच असेल तर पुस्तकं मोजण्यापेक्षा पानं किंवा मिनिटं मोजा, म्हणजे जाड पुस्तकावर अन्याय होत नाही. रोज वीस पानं म्हणजे वर्षाला ७,३०० पानं, अडीचशे पानांचं एक पुस्तक धरलं तर साधारण एकोणतीस पुस्तकं. हे गणित एकदा करून बघायला बरं वाटतं, मग विसरून जायचं.

नुसत्या यादीला माझा विरोध नाही, बरं का. अमेरिकी गायक आर्ट गारफंकल १९६८ पासून वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद ठेवत आले आहेत. इतक्या वर्षांची सलग यादी म्हणजे नुसत्या नावांतूनही एक आयुष्य दिसतं. पण तितकी वर्षं थांबायची तयारी हवी.

पायरी ६ : वही वाचायला बसा

लिहिणारे बरेच असतात, परत वाचणारे थोडे. महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं काढा आणि त्या महिन्याच्या नोंदी फक्त वाचा. एखाद्या नोंदीशी आता सहमत नसाल तर खाली वेगळ्या शाईनं, तारीख घालून लिहा. जुनं खोडू नका; मत कुठून कुठे सरकलं हे दिसायला दोन्ही हवीत.

वर्षातून एकदा मात्र तासभर द्या आणि आडव्या ओळींऐवजी उभे रकाने वाचा. समजा, वर्षात चोवीस पुस्तकं सुरू झाली आणि सोळा संपली. आता सोडलेल्या आठांपुढे 'कसं आलं' या रकान्यात काय आहे ते बघायचं. त्यातली सहा 'सगळे वाचत होते म्हणून' घेतलेली निघाली, आणि एका मैत्रिणीनं सुचवलेली चारही संपलेली दिसली, तर पुढचं पुस्तक कोणाला विचारायचं हे वेगळं सांगायला नको. मग तारखा बघा. मार्च ते जून काहीच नाही, असं का? कामाचा ताण होता, आजारपण होतं, की मार्चमध्ये घेतलेलं एक रटाळ पुस्तक ना वाचवत होतं ना टाकवत होतं, आणि त्याच्यापायी बाकीचं वाचनच थांबलं? हे शेवटचं कारण वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा सापडतं. त्यावरचा उपाय पाचव्या पायरीत आलाच आहे.

मग नोंदींच्या भाषेकडे बघा. 'ओघवती' हा शब्द सात ठिकाणी दिसला तर तो पुढच्या वर्षी स्वतःला बंद करा, म्हणजे नेमकं काय आवडलं ते सांगावं लागेल. कुठल्या पुस्तकावर नोंद लांबली आणि कुठल्यावर दीड ओळीत आटोपली, तेही बघा. तारे काहीही म्हणोत, लांब नोंदीचं पुस्तक आपल्याला कुठेतरी लागलेलं असतं. कधी ते दोन ताऱ्यांचं निघतं.

एका वर्षाच्या वहीवरून स्वतःबद्दल मोठे निष्कर्ष मात्र काढू नका. चोवीस पुस्तकं म्हणजे नमुना लहान. 'मला कविता झेपत नाही' असं म्हणायच्या आधी यादीत कवितेची पुस्तकं मुळात किती होती, ते मोजा. एकच असेल, तर तो कवी झेपला नसेल.

खंड पडला तर

पडतोच. दोन-तीन महिने वही उघडलीच नाही, मध्ये पाच-सहा पुस्तकं वाचून झाली. अशा वेळी मागची सगळी भरपाई करायला बसू नका, त्यातच वही कायमची बंद होते. आठवतील ती नावं एका खाली एक लिहा. तारीख अंदाजे, महिना पुरे. प्रत्येकापुढे आठवेल ती एकच गोष्ट. काहीच आठवत नसेल तर 'काही आठवत नाही' असं लिहा, तीही नोंदच आहे. मग रेघ मारा आणि आत्ता हातात असलेल्या पुस्तकाचं नाव, आजची तारीख आणि ते तुमच्यापर्यंत कसं आलं ते रेघेखाली लिहा.